ठिय्यावरचा चौथरा

अध्यक्षांचं नाव कोरलेला दगड मी स्वतः ओळंबा लावून बसवला. इतकंच सांगून थांबता आलं असतं तर बरं होतं. पण लोक विचारतात, का बसवला? मग सगळं सांगावं लागतं.

मी गवंडी आहे. आमच्याकडे मिस्त्री म्हणतात. अकोल्यात एका चौकात आमचा ठिय्या होता, म्हणजे सकाळी कामाची वाट पाहत उभं राहायची जागा. ठिय्यावर कोणी आपली ओळख सांगत नाही. पिशवीतून थापीचा दांडा डोकावला की मिस्त्री, ब्रश दिसला की रंगवाला आणि हातात नुसता डबा असला की बिगारी. जागा ज्याच्या त्याच्या ठरलेल्या. चहाला जाताना थापी जमिनीवर ठेवून जायचं. ती थापी कोणी हलवत नाही आणि त्या जागेवर कोणी उभंही राहत नाही. हा नियम कोणी लिहिलेला नव्हता, म्हणूनच बहुतेक पाळला जायचा.

लिंबाखालची जागा चाचांची. मला हे काम त्यांनीच शिकवलं. जुन्या शहरात राहतात, मोर्णा नदीचा पूल ओलांडून पायी यायचे. सत्तरीला आलेले. परांचीवर चढणं बंद झालं होतं, पण खाली बसून करायच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. फरशी, ओटा, दगडांच्या दर्जा म्हणजे सांधे भरणं असली कामं. कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळे मोबाइल असून नसल्यासारखा. गिऱ्हाईक त्यांना फोनवर शोधत नसे, लिंबाखाली शोधत असे. ‘चौकात लिंबाखाली म्हातारे मिस्त्री बसतात, त्यांना आणा’, एवढाच त्यांचा पत्ता बायका एकमेकींना द्यायच्या. ती जागा होती तोवर चाचांना काम होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

चौकात नवी दुकानं झाली आणि दुकानदारांना आमची अडचण व्हायला लागली. बिडीची थोटकं, पिशव्या, दारातली गर्दी. त्यांचं सगळंच खोटं होतं असंही नाही. एकानं तर पाण्याचा पाइप लावून सकाळी सकाळी आमच्या पायांवर पाणी सोडलं. तेव्हा संघटनेनं मोर्चा काढायचं ठरवलं. संघटना चाचांनीच उभी केलेली, आणि सेक्रेटरी मी. बारावी पास होतो, अक्षर चांगलं होतं, यापलीकडे माझी लायकी काही नव्हती.

मोर्च्याच्या दोन दिवस आधी अध्यक्षांचं बोलावणं आलं. अध्यक्ष म्हणजे एका पक्षाचे जिल्हाध्यक्ष. निवडणूक तोंडावर होती. आम्ही सहा-सात जण गेलो. त्यांनी आम्हाला सोफ्यावर बसवलं. कपड्यांना सिमेंट म्हणून आम्ही कडेला टेकलो, तर म्हणाले, “अरे नीट बसा ना बे! सोफा बसासाठीच असते.” सगळे हसले. मीही हसलो.

“काहून मोर्चा काढून राहिले?” त्यांनी विचारलं. “घरचाच माणूस असल्यावर मोर्चा कोनावर काढता? मी बी मिस्त्र्याचाच पोरगा हाओ. मले सांगा, काय पायजे?”

चाचा म्हणाले, “जागा पायजे, साहेब. उभं राहाले.”

“उभं काहून? बसाले देतो. वरून शेड टाकून देतो, बाजूले पान्याची टाकी. तुमी फक्त आपले म्हनून राहा.”

बाहेर आल्यावर चाचा मला म्हणाले, “याच्या बापानं जिंदगीत थापी नाई धरली. ठेकेदार होता. म्या त्याच्याच घरची कंपाउंडची भिंत बांधली. पन म्हनून राहिला तं म्हनू दे. शेड झालं म्हंजे बस.”

मोर्चा रद्द झाला. अध्यक्ष संघटनेचे मार्गदर्शक झाले. त्यांच्या माणसानं सांगितलं की शेडसाठी संघटनेकडून एक पत्र लागेल, म्हणून मी पत्र लिहिलं. ‘सदर जागा शेडच्या बांधकामाकरिता रिकामी करून देण्यास आमच्या संघटनेची कोणतीही हरकत नाही’, असं वाक्य त्यांच्या माणसानं सांगितलं आणि मी ते वळणदार अक्षरात उतरवलं. सगळ्यांच्या सह्या घेतल्या, ज्यांना येत नव्हत्या त्यांचे अंगठे घेतले. चाचांनी उर्दूत सही केली. सरकारी मराठी लिहिता आली की माणसाला उगाच मोठं झाल्यासारखं वाटतं. मला वाटलं.

मग सभा सुरू झाल्या. अध्यक्षांनी सगळ्यांना पिवळी हेल्मेट दिली, कपाळावर त्यांचा फोटो चिकटवलेली. ती आम्ही साइटवर कधी घातली नाहीत. खराब होतील म्हणून. विटा डोक्यावर पडायच्या त्या उघड्या डोक्यावर, आणि सभेला जाताना हेल्मेट पुसून, पिशवीत गुंडाळून न्यायचो. आम्ही त्यांच्यासमोर पहिल्या रांगांत बसायचो आणि ते हात करून म्हणायचे, “हे माये लोक!” एकदा त्यांनी स्टेजवरून मला ‘सेक्रेटरी’ म्हणून हाक मारली. त्या दिवशी घरी जाऊन मी हे बायकोला दोनदा सांगितलं.

शेडचा मात्र पत्ता नव्हता. विचारलं की मंजुरी, विचारलं की पुढचा महिना. तेव्हा मीच अक्कल चालवली. म्हटलं, खालचा चौथरा आपण श्रमदानानं बांधू, मग त्यांना वर नुसते पत्रेच टाकायचे राहतील. दगडी चौथरा बघून त्यांनाच लाज वाटेल. लाजेवर मी एवढा भरवसा ठेवला, ही माझी पहिली चूक.

चार रविवार आम्ही राबलो. काळा दगड घडवून घेतला. फुकटचं काम म्हणून कोणी हात आखडला नाही, उलट कधी नव्हे ते सगळ्यांनी आपली कारागिरी दाखवली. गिऱ्हाईक घाई करतं, ठेकेदार मटेरियल मारतो, इथे तसं कोणीच नव्हतं. चाचा तर गुडघ्यांना फडकी बांधून दिवसभर दर्जा भरत. एका ठिकाणी रेघ जरा जाड झाली तर त्यांनी ती खरवडून परत भरली. मी म्हटलं, “चाचा, आपल्यालेच तं बसाचं हाये.” ते म्हणाले, “म्हनूनच तं.” समोरच्या बाजूला अध्यक्षांच्या नावाचा दगड बसवायचा मान मला मिळाला. काम इतकं देखणं झालं की येणारे-जाणारे थांबून बघायचे. ज्यानं आमच्या पायांवर पाणी सोडलं होतं, तो दुकानदारही बघून गेला.

उद्घाटनाला अध्यक्ष आले. चौथऱ्यावरून त्यांनी हात फिरवला. मग सोबतच्या माणसाला हळूच म्हणाले, “याच्यावर पत्रे टाकून काहून खराब कराचं?”

मी शेजारीच उभा होतो. मला ऐकू आलं, आणि मी टाळ्या वाजवल्या.

पंधरा दिवसांत चौथऱ्याला चारी बाजूंनी ग्रिल लागली. कुंड्या आल्या, मधे शहराच्या नावाची मोठी रंगीत अक्षरं उभी राहिली, लोक फोटो काढायला यायला लागले. लिंब मात्र तोडला, फोटोत सावली पडते म्हणून. ‘अध्यक्षांच्या संकल्पनेतून’ अशी पाटी लागली आणि तिच्याखाली दुसरी छोटी, इथे उभे राहू नये. आम्हाला बायपासजवळचं एक मोकळं मैदान दाखवलं. शेड तिथे होणार होतं.

मी अध्यक्षांकडे गेलो. ते भेटले नाहीत, त्यांचा माणूस भेटला. तो चांगला बोलला, चहासुद्धा पाजला. मग फाइल उघडून त्यानं माझंच पत्र माझ्यापुढे ठेवलं. “अक्षर लय मस्त हाये तुमचं,” तो म्हणाला.

मला राग यायला हवा होता. मी एरवी तापट माणूस आहे. सिमेंटचा मसाला बिघडला तर घमेलं लाथाडतो, बायको त्यावरून टोमणे मारते. पण त्या दिवशी काहीच झालं नाही. दात काढताना सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं आतून वाटत होतं. मी चहा संपवला, कप नीट ठेवला आणि निघालो. पुढच्या सभेला आम्ही हेल्मेट घालून गेलो. कोणी मला विचारलं नाही की का जायचं, मीही कोणाला सांगितलं नाही. गाडी आली, आणि आम्ही चढलो. अध्यक्ष म्हणाले, “हे माये लोक.”

मैदानावर गिऱ्हाईक येत नाही. कशाला येईल? तिथे घरंच नाहीत. तरुण मिस्त्र्यांचं फारसं अडलं नाही, त्यांचे नंबर लोकांकडे होते. माझाही होता. हळूहळू मैदानावर पाच-सहा जण राहिले, मग दोन. मग एकटे चाचा. सकाळी पुलावरून यायचे, पूर्वीच्या दुप्पट चालायचे आणि दुपारपर्यंत उन्हात उभे राहायचे. मी म्हटलं, “चाचा, घरीच राहा. मी काम आलं तं सांगतो.” ते म्हणाले, “घरी कोन येईन मले शोधाले? लोकायले मालूम होईन हळूहळू, का ठिय्या इकडे आला म्हनून.”

महिन्याभरानं एके सकाळी मी सायकलवरून त्या चौकातून चाललो होतो. चौथऱ्यापाशी एक बाई उभ्या होत्या. साठीच्या, हातात भाजीची पिशवी. ग्रिलमधून आत बघत होत्या, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. माझ्या पिशवीतला थापीचा दांडा त्यांनी पाहिला आणि मला थांबवलं.

“इथं एक म्हातारे मिस्त्री बसायचे ना हो? लिंबाखाली? चार दिवस झाले मी येऊन राहिले, दिसतच नाहीत. स्वयंपाकघरातला ओटा पाडून मोठा करायचाय. मागचा त्यांनीच बांधला होता, मला तेच पाहिजेत.”

मैदान तिथून सायकलवर दहा मिनिटांवर होतं. चाचा त्या वेळी तिथे उभे असणार. मला त्या आठवड्यात काम नव्हतं.

“त्यायनं काम सोडलं,” मी म्हणालो. “मी त्यायच्याच हाताखाली शिकलो. चला, पाहतो.”

काम दोन दिवसांचं निघालं. जुना ओटा फोडताना छिन्नी चालेना, इतका पक्का बांधला होता. बाईंनी दोन्ही दिवस चहा दिला. विचारलं, “बरे आहेत ना ते?” मी म्हणालो, “बरे हायेत.” वाईट वाटतंय का, हे मी स्वतःशी तपासून पाहिलं. वाटत नव्हतं. मी ओटा चांगला बांधला.

दुसऱ्या दिवशी काम आटोपून परतताना पुलावर चाचा भेटले. मैदानावरून परतत होते, चालणं मंदावलं होतं. मी सायकलवरून उतरलो. माझ्या पँटवरचं ताजं सिमेंट त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

“लागलं काम?”

“लागलं.”

“चांगलं झालं, बेटा.” पुलाच्या कठड्याला टेकून ते जरा थांबले, दम घेतला. मग म्हणाले, “मायं एखांदं गिऱ्हाईक भेटलं तिकडे, तं सांगजो. म्हन, चाचा मैदानावर असतात. रोज असतात.”

“हो,” मी म्हणालो.