विकायला नेलेली गाडी

गाडी विकायची हे ठरले होते. ती सोलापूरपर्यंत कुणी न्यायची, एवढेच ठरायचे होते.

गाडी माझ्या मामांची. मामा उस्मानाबादला वकिली करत. संस्थान विलीन झाल्यावर त्यांचे एक जहागीरदार पक्षकार कायमचे हैदराबादला गेले आणि जाताना आपली उघडी, दोन माणसांची विलायती गाडी मामांच्या अंगणात सोडून गेले. पुढे त्यांनी कागदही मामांच्या नावावर करून दिले. गाडीचे नाक लांब, अंग बुटके. मागे जेमतेम एका ट्रंकेची जागा. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. जिल्ह्यात तेव्हा मोटारी म्हणजे सरकारी जीपा, मालट्रक आणि एस.टी. या गाडीत बसलेल्या माणसाचे डोके रस्त्यावरच्या बैलाच्या पोटापाशी येई.

मामांना कसलाही शौक नव्हता. पान नाही, पत्ते नाहीत, नाटक नाही. रविवारी सकाळी तुळजापूरच्या रस्त्याने ही गाडी घेऊन एकट्याने जाऊन येणे, एवढेच होते. परत आल्यावर ते काही वेळ उगाचच बोलत. एरवी कोर्टाबाहेर त्यांचे बोलणे फारसे ऐकू येत नसे.

पावसाळा सरता सरता ते मामींना घेऊन सोलापूरला निघाले. मामींची धाकटी बहीण तिथे असते. तुळजापूर सोडले की घाट उतरावा लागतो. तिथल्या एका वळणावर सुटी खडी पसरलेली होती. गाडीचा मागचा भाग घसरला, गर्रकन फिरला आणि गाडी तोंड तुळजापूरकडे करून थांबली. मागचे एक चाक कडेच्या दगडापलीकडे गेले होते. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. मामी उतरल्या, मागून आलेल्या एस.टी.ला त्यांनी हात केला आणि सोलापूरला निघून गेल्या.

परत आल्यावर त्या इतकेच म्हणाल्या, "ही आता दारात नको."

मामांनी वाद घातला नाही. गाडी ट्रकला बांधून घरी आणवली. त्यानंतर ते तिच्या स्टिअरिंगमागे बसले ते फक्त इंजिन चालू करून पाहण्यापुरते. रविवारी फडक्याने तिचे अंग पुसत आणि आत येऊन वर्तमानपत्र उघडत. सोलापूरच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला त्यांनी कळवले. चैत्रात गाडी पोचती करायचे ठरले.

मी तेव्हा सोलापूरच्या एका दैनिकात नुकताच लागलो होतो. मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन फार दिवस झाले नव्हते. अंकांचे गठ्ठे वाहणाऱ्या ट्रकवर मी गाडी शिकलो होतो आणि माझ्याकडे परवाना होता. रजेवर मामांकडे आलो तेव्हा त्यांनी विचारले, "नेशील?"

"नेतो."

"ट्रक नाही ती."

ट्रक नाही म्हणजे काय, ते पहिल्याच सकाळी कळले. गावाबाहेर ओढ्यापाशी मुरमाचे वळण आहे. मी वळणात शिरलो. पाठीखालून कुणी चादर ओढावी तसा गाडीचा मागचा भाग बाहेर निघाला. मी पाय उचलला आणि ब्रेक दाबला. गाडी अर्धी फिरून बाभळीकडे तोंड करून उभी राहिली.

शेजारी बसलेले मामा म्हणाले, "पाय उचललास."

"घसरली म्हणून उचलला."

"उचललास म्हणून फिरली. घसरली होती ती थोडीशीच."

मग त्यांनी कलमे सांगावीत तसे सांगितले. मागची चाकं घसरू लागली की पाय झटक्याने उचलायचा नाही. उचलला की गाडीचा भार पुढे जातो, शेपूट हलके होते आणि आणखी सुटते. ब्रेक लावला तर त्याहून वाईट. मागचा भाग ज्या बाजूला जाईल त्या बाजूला स्टिअरिंग वळवायचे, पेट्रोल थोडे चालू ठेवायचे आणि गाडी सरळ होऊ लागताच स्टिअरिंग तितक्याच वेळेत परत आणायचे. उशीर केला तर ती उलट्या बाजूला फिरते. जहागीरदारांनी त्यांना हे असेच शिकवले होते.

"मग घाटात काय झालं?" मी विचारले.

"पाय उचलला गेला," मामा म्हणाले.

रस्त्यावर शिकणे धोक्याचे होते. मामांनी जागा शोधली ती खळ्याची. गावाबाहेर त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची आणि त्याच्या भाऊबंदांची खळी एकमेकांना लागून होती. ज्वारीची मळणी होऊन रास घरी गेली होती. बैलांनी तुडवून आणि शेणाने सारवून जमीन पाटासारखी झाली होती आणि तिच्यावर भुसकटाचा थर उरला होता. त्यावर माणूससुद्धा जपून चालतो.

शेतकऱ्याची हरकत नव्हती. त्याची एकच अट होती.

"खळ्यावर पायतान चालत न्हाय, वकीलसाहेब."

"आम्ही गाडीत बसणार," मामा म्हणाले.

"गाडी खळ्यावरच हाय न्हवं?"

"चाकं चालतात मग?"

"चाक म्हंजी गाडीचा पाय. पाय चालतो. पायतान न्हाय चालत."

मामांनी क्षणभर विचार केला, पण युक्तिवादात खोट सापडली नाही. आम्ही दोघांनी चपला बांधावर काढून ठेवल्या.

मळणीचा खुंटा, ज्याला तिवडा म्हणतात, तो मधल्या खळ्यात अजून उभा होता. मी त्याच्याभोवती गाडी फिरवू लागलो. मामा तिवड्यापाशी उभे राहून सांगत. पहिले काही दिवस गाडी फिरत राहिली. मी पाय उचलत असे, ती तोंड मागे करून थांबत असे आणि भुसकटाचा ढग आमच्या अंगावर बसत असे. शेतकरी बांधावर बसून पाहत असे.

"मळणीला बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतो आमी," तो म्हणाला. "हिला म्होरं बांधायचं का मागं, ते सांगा."

"मागं," मामा म्हणाले.

"मग पावण्यांच्या पायाला बांधा. त्योच लई चुळबुळ करतोय."

पाय चुळबुळ करत होता हे खरे होते. ट्रकमध्ये जाड तळव्याच्या बुटाने पेडल दाबायची मला सवय होती. तिथे पेडल म्हणजे एक दार होते, उघडे किंवा बंद. उघड्या पायाला त्याच पेडलची कड लागू लागली, इंजिनाची थरथर टाचेपर्यंत येऊ लागली, आणि मागची चाकं सुटायच्या आधी ती थरथर बदलते हे एका सकाळी लक्षात आले. ती अचानक हलकी आणि वेगाची होते. डोळ्यांना घसरण दिसते ती नंतर. त्या सकाळपासून पाय उचलण्याची घाई कमी झाली. मी पेडल जरासे सैल करी, पूर्ण सोडत नसे. गाडीचे शेपूट बाहेर राही आणि गाडी तशीच तिरकी तिवड्याभोवती फिरत राही. मामा उभ्या जागी तिच्याबरोबर गोल वळत.

उलटा झोका आवरायला त्याहून जास्त दिवस लागले. शेपूट परत येते ते आलेल्या वेगाने पलीकडे जाते. हात लवकर सोडले तर ते सापडते, धरून ठेवले तर निसटते. हे सांगून कळत नाही. मामांनी सांगून पाहिले आणि मग सांगणे बंद केले.

ऊन वाढले की लोखंडी पेडल पायाला चटके देई, म्हणून आम्ही सकाळी लवकर जात असू. शेवटी शेवटी मी मामांना म्हणे, "आता तुम्ही बसा."

"तुला न्यायची आहे. तू शीक."

"एक फेरी घ्या."

"नको." ते तिवड्याला हात लावून उभे राहत. नकार शांत होता, पण त्यानंतर घरी येईपर्यंत ते गाडीच्या पुढच्या काचेकडेच बघत असत.

ठरल्या दिवशी मामा पहिल्या एस.टी.ने सोलापूरला पुढे गेले. गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात देताना सही त्यांची लागणार होती. माझ्या शेजारची जागा मोकळीच राहणार होती. पण आदल्या दिवशी मामी म्हणाल्या, "बहिणीकडं जायचंच आहे मला. मी याच्यासंगं येते."

मामांनी मान वर केली. "गाडीतून?"

"व्हय. जाताना बघू तरी द्या मला तिला."

मी त्यांना सांगितले की मी हळू नेईन. त्या म्हणाल्या, "तुझ्या मामांनीबी हेच सांगितलं होतं."

तुळजापूरपर्यंत त्या समोरच्या रस्त्याकडेच बघत होत्या. पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळला होता आणि एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट धरले होते. गावातून जाताना पुजाऱ्यांच्या घरांपुढे उभे असलेले यात्रेकरू गाडी बघायला वळत. मामींनी देवळाच्या दिशेने नमस्कार केला आणि पुन्हा मनगट धरले.

घाट सुरू झाला. तिसऱ्या की चौथ्या वळणावर खालून कडब्याची बैलगाडी वर येत होती. कडबा इतका रुंद भरला होता की निम्मा रस्ता त्यानेच व्यापला होता. मला बाहेरच्या कडेला जावे लागले. तिथे खडी सुटी होती. उघड्या पायाखालची थरथर हलकी झाली आणि मागचा भाग दरीकडे निघाला. मी पाय जरा सैल केला, उचलला नाही. स्टिअरिंग दरीकडे वळवले. शेपूट थांबले, परत आले, पलीकडे थोडे गेले आणि जागेवर बसले. बैलगाडी मागे पडली. गाडीवानाने मान वळवून पाहिले, इतकेच.

वळण संपताच मामी म्हणाल्या, "ही तीच जागा."

"असेल."

"आत्ता काय केलंस तू?"

"पाय उचलला नाही."

"एवढंच?"

"आणि हात. पण मुख्य पाय."

"यांना हे येत न्हाई?"

"त्यांनीच शिकवलं मला."

पुढचे वळण गेले. मग मामी म्हणाल्या, "त्या दिवशी मी त्यांचं कोपर धरलं होतं. दोन्ही हातांनी. जोरात ओढलं. त्यांनी सांगितलं तुला?"

"नाही."

"कुणालाच न्हाई सांगितलं." त्या समोर बघत होत्या. "मला वाटलं होतं, सांगतील कधीतरी. वकील हायत. मग मलाच वाटाय लागलं की तसं काही झालंच न्हाई."

घाट उतरून आम्ही सपाटीला लागलो.

सोलापूरच्या स्टँडबाहेर मामा छत्री घेऊन उभे होते. गाडी थांबली तशी त्यांनी आधी मामींकडे पाहिले, मग चाकांकडे.

"नीट आलात?"

"आलो," मामी म्हणाल्या. त्या उतरल्या नाहीत. "बसा तुम्ही. मला बहिणीकडं सोडा."

"व्यापारी थांबलाय. मग टांगा करू."

"टांगा कशाला? गाडी हाय की."

मामा माझ्याकडे वळले. "काय सांगितलंस हिला?"

"त्यानं काय सांगायचं?" मामी म्हणाल्या. "सांगायचं होतं ते तुम्ही. न्हाई सांगितलं. मीच सांगितलं त्याला, कोपराचं."

मामांनी छत्री मिटली. मिटायला नेहमीपेक्षा वेळ लागला. "त्याचा काय संबंध," ते म्हणाले. "पाय माझा होता."

"हात माझे होते. बसा आता, लोक बघतायत."

मी उतरलो. मामा आत बसले, स्टिअरिंगवर हात ठेवले. मग त्यांनी गाडी चालू केली. बहिणीकडे जेवण करून ऊन उतरल्यावर परत निघायचे, असे मामींनी परस्पर ठरवूनही टाकले.

ते निघाले तेव्हा मी तुळजापूर नाक्यावर जाऊन उभा राहिलो. नाक्यापलीकडे वाळू सांडलेले एक वळण होते. मामांनी वेग कमी केला, तरी मागची चाकं थोडी सरकली. गाडी तिरकी झाली, तशीच काही हात गेली आणि सरळ झाली. वारा लागत होता. मामींचे दोन्ही हात डोक्यावरच्या पदराला होते.

तिथून मी व्यापाऱ्याकडे गेलो आणि गाडी येणार नाही असे सांगितले.

"घाटात पडली काय?" त्याने विचारले.

"नाही," मी म्हटले. "घाट चढायला गेली आहे."