रागाची पूर्वसूचना

"थांबा, मला आता राग येणार आहे."

असं त्या आधी सांगत. चष्मा काढायचा, टेबलावर ठेवायचा, हे वाक्य म्हणायचं आणि मग रागवायचं. समोरच्याला पळून जायला तेवढी सवड मिळे, पण पळालेला कोणी मी पाहिला नाही. नाशिकच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली नव्याने लागलेली शिक्षिका. कॉलेजात मॅडम पुष्कळ होत्या, पण 'मॅडम आल्या' म्हटलं की कोणत्या, हे कोणी विचारत नसे.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या रागाची सगळ्यांना सवय झालेली असते. मॅडम पंचवटीत एकट्याच राहत. तिथल्या बाजारातली भाजीवाली त्यांना लांबून पाहिलं की खालचे पिचके टोमॅटो आपणहून बाजूला काढी. "आल्या बाई. आता चष्मा निघंल," असं शेजारणीला सांगे. प्रयोगशाळेत उशिरा येणाऱ्याला दार बंद. मुलं त्यांना भीत. मीही भीत असे.

मनीषा हरसूलकडची. वडील शेती करायचे, ही आमच्या हॉस्टेलवर राहायची. पहिल्या वर्षी वर्गात पहिली आली. दुसऱ्या वर्षी सकाळच्या प्रॅक्टिकलला उशिरा येऊ लागली. आत घेतलं, तरी परीक्षानळी हातात धरून नुसती उभी राही. एकदा तर टेबलावर डोकं टेकून चक्क झोपली.

"झोपायचं असेल तर हॉस्टेलवर जा," मॅडम कडाडल्या.

"तिथं झोप येत नाही, मॅडम. गोळी घेतली की येते. मग तिची गुंगी सकाळी उतरत नाही."

"कसली गोळी?"

मनीषाने आजूबाजूला पाहिलं. सगळी मुलं ऐकत होती. "डिप्रेशनची," ती म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढला. पण या खेपेला पुढचं वाक्य आलंच नाही. त्यांनी काचा पदराने पुसल्या, चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "उद्यापासून दुपारच्या बॅचला ये."

स्टाफरूममध्ये यावर चर्चा झाली नसती तरच नवल. आमच्याच विभागातले एक सर म्हणाले, "मॅडम, अशानं उद्या सगळेच डिप्रेशनचे दाखले घेऊन येतील."

"येऊ देत. दुपारी शिकवीन. तिचा पाय मोडला असता तर तुम्हीच हात धरून जिना चढवला असता ना?"

"पाय दिसतो, मॅडम."

"मेंदू तर तुमचाही दिसत नाही. आहे असं धरूनच चालतो ना आम्ही?"

सर त्यानंतर कित्येक दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मॅडमच्या ते लक्षातही आलं नाही.

त्याच सुमारास कॉलेजात मानसिक आरोग्य सप्ताह झाला. फाटकावर मोठा बॅनर लागला, 'मनमोकळं बोला, आम्ही ऐकतोय'. रांगोळ्या झाल्या, बाहेरून पाहुणे आले, हसरा चेहरा कापलेली पुठ्ठ्याची चौकट उभी केली, तिच्यात तोंड घालून सगळ्यांनी फोटो काढले. प्राचार्यांनीही काढला. आणि मनीषाने, वेडीने, त्या बॅनरवर विश्वास ठेवला. तिने हॉस्टेलच्या रेक्टरबाईंना जाऊन सांगितलं की मी अशा अशा गोळ्या घेते, सकाळी मला कुणीतरी हाक मारून उठवाल का?

एवढंच मागितलं होतं तिने. एक हाक.

रेक्टरबाईंनी तिच्या वडिलांना फोन करून बोलावून घेतलं. ते हरसूलहून आले तेव्हा मनीषाची ट्रंक आणि वळकटी हॉस्टेलच्या व्हरांड्यात काढून ठेवलेली होती. फाटकावरचा बॅनर अजून उतरवलेला नव्हता. आज हे लिहिताना माझं डोकं पुन्हा तापतंय, आणि ते शांत करायची माझी इच्छाही नाही.

मॅडम मला घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. मनीषाचे वडील खुर्ची असूनही उभे होते. मनीषा भिंतीशी.

"उद्या हिला काही बरंवाईट झालं तर कोणी जबाबदारी घ्यायची?" रेक्टरबाई म्हणत होत्या. "बाकीच्या मुलींवरही परिणाम होतो."

"आम्ही हिच्या भल्यासाठीच सांगतोय," प्राचार्य वडिलांना म्हणाले. "घरच्या मायेत राहू द्या. बरी झाली की आणा."

"साहेब, घरी माया लय हाय," वडील म्हणाले, "पण डॉक्टर नाय. डॉक्टर हितं हाय. तिचं शिक्षान बी हितंच हाय. हात मोडला आसता तर गावात सांगता आलं आसतं. आता काय सांगू, कामून परत आली?"

मॅडमनी चष्मा प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. "थांबा, मला आता राग येणार आहे."

आणि आला.

"बरंवाईट होऊ नये म्हणूनच गोळ्या घेते ना ती? दम्याच्या पोरीला काढलंत कधी? फिट येणाऱ्या पोरीला? हिनं तोंड उघडलं म्हणून हिची ट्रंक बाहेर! वर हॉस्टेलात अजून किती पोरी चोरून गोळ्या गिळत असतील. त्यांनी आज व्हरांड्यात काय पाहिलं? बोललीस तर हाकलू, हे शिकवलंत त्यांना. कायद्यानं हा आजार अपंगत्वात धरलाय, सर. सवलत द्यायची असते, घालवून द्यायचं नसतं."

"मॅडम, हळू. बाहेर ऐकू जातंय."

"जाऊ द्या ना. ऐकतोय असं तुम्हीच फाटकावर लिहिलंय."

कायद्याचं नाव निघाल्यावर प्राचार्य जरा नरमले. हजेरीत सूट मिळाली, परीक्षेला बसू द्यायचं ठरलं. हॉस्टेलचं मात्र नाही. तो म्हणे संस्थेचा निर्णय. मॅडमनी पुढे वाद घातला नाही. त्या मनीषाच्या वडिलांकडे वळल्या. "दादा, ट्रंक रिक्षात टाका. माझ्या घरी दोन खोल्या आहेत."

त्यांच्या घरचे ते दिवस मला मनीषाने नंतर सांगितले. मॅडम गोड बोलत नसत. कशी आहेस, म्हणून कधी विचारत नसत. सकाळी हाक मारत, आणि ती उठली नाही तर मेथीची जुडी थेट तिच्या अंथरुणावर आणून टाकत. "पडून निवड," म्हणत. एकदा मनीषा रडत म्हणाली, "मी तुम्हाला किती त्रास देते."

"देतेस," मॅडम म्हणाल्या. "मग? काड्या मोठ्या ठेवू नकोस."

सगळं काही सुरळीत झालं नाही. एका पेपरला ती फाटकापर्यंत आली आणि तिचे पाय पुढे पडेनात. मॅडम तिच्याशेजारी फुटपाथवर बसून राहिल्या. आत चल, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. घंटा झाली, पेपर सुरू झाला, तरी दोघी तिथेच. शेवटी मॅडमच उठल्या आणि तिला उसाचा रस प्यायला घेऊन गेल्या. तो पेपर मनीषाने पुढच्या वेळी दिला. पदवी वर्षभर उशिरा मिळाली, पण मिळाली. आता ती विंचूरला वाइनच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. गोळ्या अजून चालू आहेत.

मनीषाला घरी नेलं त्याच वर्षी मॅडमचं विभागप्रमुखपद काढून स्टाफरूममध्ये दाखल्यांवरून बोललेल्या त्या सरांना दिलं. तब्येतीची काळजी घ्या, असं कारण सांगितलं. मॅडमच्या तब्येतीला काही झालेलं नव्हतं. पुढे त्या निवृत्त झाल्या, आणि गेल्या वर्षी झोपेतच गेल्या.

कॉलेजने शोकसभा ठेवली. प्राचार्य तेच होते. हार घातलेल्या फोटोशेजारी उभे राहून ते बोलले, की मॅडम म्हणजे शांत, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व. मनाने खचलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी आधार दिला आणि या कार्यात संस्था त्यांच्या पाठीशी सदैव भक्कमपणे उभी राहिली.

मागच्या रांगेत मनीषा उभी राहिली.

"सर, त्या विद्यार्थ्यांतली एक मी. तुम्ही माझी ट्रंक बाहेर काढली होती."

सभागृहात कुजबुज झाली. प्राचार्य घाईघाईने माइकशी वाकले. "आता आपण सर्वांनी उभं राहून, दोन मिनिटं शांतता पाळून मॅडमना श्रद्धांजली वाहू या."

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले, माना खाली घातल्या. मनीषा उभी होतीच. ती थांबली नाही. व्हरांडा, वडील, त्या खोलीत कोण काय म्हणालं, सगळं क्रमाने, न अडखळता सांगत राहिली. आवाज चढवायचीही तिला गरज पडली नाही. तिला गप्प बस म्हणणं कोणालाच शक्य नव्हतं, कारण सगळे शांतता पाळत होते.