मेटगळ्ळीतला समुद्र

आधीच सांगते, माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. नुसता नव्हता असं नाही, मी त्यांच्याविरुद्ध लिहीत आले. आमच्या घरी कपाटात देव नव्हते, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा कामगार संघटनेत होते. मी वाचायला शिकले ती त्या गठ्ठ्यांवर. पुढे स्वतः पत्रकं लिहू लागले. माणूस गेल्यानंतरच्या विधींवर एक लिहिलं, ते म्हैसुरात बरंच फिरलं. समुद्रकाठच्या गोल्फ कोर्सवर एक लिहिलं — कोळ्यांची किनाऱ्याकडची वाट कुंपण घालून बंद करायची, आत मूठभर माणसांनी काठ्या फिरवायच्या आणि त्याला निसर्गसौंदर्य म्हणायचं. दोन्हींतला शब्द न् शब्द मला आजही मान्य आहे. म्हणूनच हे लिहिणं जड जातंय...

आम्ही म्हैसूरचेच. पूर्वज इथल्या फौजेत होते, मग इथेच राहिले. घरात मराठी बोलतो, निम्मी कन्नड. बाबांचे धाकटे भाऊ, माझे काका, खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचा एकुलता मुलगा संदीपदादा मालवाहू जहाजावर होता. गेल्या वर्षी कंपनीचा फोन आला की सकाळी तो जहाजावर कुठेच दिसला नाही. शोध घेतला. मग थांबवला. एवढंच कळलं.

देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून क्रिया करतात. काकूला ती श्रीरंगपट्टणला नदीकाठी करायची होती. काका नाही म्हणाले. "गवताचा करायचा? माझा मुलगा?" हे एकदाच बोलले. त्यानंतर घरात तो विषय बंद झाला.

एका शनिवारी काकू वर आली. "तू तरी सांग गे त्यांना. तुझं ऐकतात."

"मी सांगू? काकू, क्रियेबद्दल मी काय लिहिलंय ते ठाऊक आहे ना?"

"वाचलंय. बरं लिहिलंयस. पण मला रडायचंय गे. हे म्हणतात तो गेलेलाच नाही... मग मी रडू कुणासाठी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांबरोबर म्हैसुरातल्याच मेटगळ्ळीला गेले.

तिथे कारखान्यांच्या रांगेत एका जुन्या वर्कशॉपच्या शेडमध्ये गोल्फ सिम्युलेटर आहे. समोर भिंतभर कापडी स्क्रीन, त्यावर हवा तो कोर्स दिसतो. आपण चटईवरून खरा चेंडू मारायचा. तो कापडावर आपटून खाली पडतो आणि उताराच्या कार्पेटवरून घरंगळत परत येतो. स्क्रीनवरचा चेंडू पुढे उडत जातो. दादा सुट्टीवर आला की काकांना इथे आणायचा. दोघांचा कोर्स ठरलेला — कड्यावरचा, तीन बाजूंनी समुद्र. सातव्या होलला खाडीवरून पलीकडच्या हिरवळीवर चेंडू टाकायचा असतो. काकांचा नेहमी पाण्यात जायचा. दादा म्हणायचा, "अप्पा, पुढच्या लीव्हला खऱ्या समुद्रात घालवू."

ते राहिलं. आता काका दर रविवारी एकटे जातात.

"काका, हा खेळच मला पटत नाही," मी म्हटलं.

"तुझं पत्रक वाचलंय मी. इथे कुठले कोळी? कापडाचा समुद्र आहे, कुणाची वाट अडवत नाही."

"आणि एवढा एसी, एवढी वीज?"

"ते शोभाला विचार. मालकीण ती आहे."

शोभा काउंटरवरून हसली. मला कन्नडमध्ये म्हणाली, "सर सातव्या होलच्या पुढे जातच नाहीत. वेळ संपेपर्यंत तिथेच मारत राहतात."

ते मी पाहिलं. चेंडू पाण्यात गेला की स्क्रीन विचारते — चेंडू सोडून पलीकडून पुढे खेळायचं? काका 'नाही' दाबायचे. पुन्हा तिथूनच. पुन्हा पाण्यात. पुन्हा 'नाही'.

गोल्फवाले आपापल्या चेंडूवर खूण करतात. काकांची खूण लाल रेघ. दादा काळ्या पेनाने दोन डोळे आणि हसरं तोंड काढायचा. काका चिडायचे, "चेंडूला तोंड कशाला?"

काकांनी लाल रेघेचा चेंडू ठेवला आणि मारला. मी स्क्रीनकडेच बघत होते. कापडावर आपटल्याचा आवाज आला नाही. स्क्रीनवर चेंडू खाडीवर गेला आणि दिसेनासा झाला — पाणी उडालं नाही, काही नाही. नुसत्या लाटा चालू होत्या. कार्पेट रिकामं.

"शोभा, अडकलं काय हे?" काकांनी विचारलं.

ती उठून येईपर्यंत स्क्रीनच्या खालून एक चेंडू आला. सावकाश, घरंगळत. मागे कार्पेटवर ओली रेघ उमटत गेली. काकांच्या बुटाला लागून थांबला.

त्यावर दोन डोळे होते. आणि हसरं तोंड, थोडं पुसट.

काकांनी तो उचलला, जिभेला लावला आणि माझ्या हातात दिला. मी... मीही जीभ लावली. खारट होता. गार आणि खारट.

भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. बाहेर कुणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं, ते ऐकत मी उभी राहिले.

स्क्रीनवर तोच प्रश्न आला होता. या वेळी काकांनी 'हो' दाबलं. चित्र पलीकडच्या हिरवळीवर गेलं.

"साकु," काका कन्नडमध्ये म्हणाले, म्हणजे पुरे. "काकूला फोन लाव. म्हणावं, भटजींना विचारून घे."

मी कारणं शोधली, शोधणारच. दादाचा एखादा जुना चेंडू स्क्रीनखाली राहिला असेल. मग ओला कशाने? छत गळत नाही, आत नळ नाही, आणि पाणी झिरपलं तरी खारट कसं? दादा त्या खुणेचा एक चेंडू जहाजावर घेऊन गेला होता हे खरं. तसे आणखी केले नसतील असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण लाल रेघेचा चेंडू कुठे गेला? शोभाने माझ्यासमोर कार्पेट उचललं, स्क्रीन सोडवली. तो मिळाला नाही.

श्रीरंगपट्टणला क्रिया झाली. दर्भाचा पुतळा काकांनी स्वतःच्या हातांनी ठेवला. काकू खूप रडली. मी तिचा खांदा धरून उभी होते. विधींवरचं माझं पत्रक मी मागे घेतलेलं नाही. ते खोटं आहे असं मला वाटत नाही. आणि त्या दिवशी मी चाखलं ते मीठ होतं, हेही खोटं नाही. दोन्ही एकत्र कसं बसतं, ते मला सांगता येत नाही.

काका अजून रविवारी जातात. परवा परत आले तेव्हा काकूने ताट वाढता वाढता विचारलं, "आज किती वेळा पाण्यात?"

"एकदाच," काका म्हणाले. "मग पुढे गेलो."