ऑसिलोस्कोपची पाटी

१२ डिसेंबर, सकाळचे सव्वानऊ. विजेची लाट दाखवणारा जुना ऑसिलोस्कोप पुसावयास घेतला. पडद्यापुढील प्लास्टिकच्या पारदर्शक पाटीवर मोजमापाच्या चौकटी छापलेल्या असतात. त्या गेल्या, तर लाट दिसते, मोजता येत नाही.

पत्नीने स्पिरिट पुढे केले.

“नको. प्लास्टिक धुरकटते.”

“माझ्या चष्म्याला कधी एवढे जपले नाहीत!” म्हणत तिने साबणाचे कोमट पाणी आणून दिले.

मळ उतरला, एकही रेघ पुसली गेली नाही. यंत्र चालू करून सोडवलेली पाटी जागेवर धरताच हिरवी लाट चौकटींत नेमकी उमटली.

घडवणाऱ्यांनी पाटीचे स्क्रू मुद्दाम बाहेरून ठेवले होते. आपल्यामागे कोणीतरी हे उघडून पुसेल, हे त्यांनी गृहीत धरले होते. अशा माणसांना मी मानतो.

संध्याकाळी प्रत्येक स्क्रूला तेलाचा थेंब देऊन तो बेताने आवळला.