कार्डांवरचं कुंकू

सर्व्हरच्या खोलीत कोणी चपला घालून आलं की अश्विन थूलच्या कपाळावर आठी पडायची, आणि येणाऱ्याच्या हातात समोसा असला तर विचारूच नका. वर्ध्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात तो कॉम्प्युटरचं सगळं बघायचा. रोज सिंदीहून गाडीनं यायचा आणि आल्याबरोबर त्या थंड खोलीची फरशी स्वतः पुसायचा. लोक हसत. हसोत बापडे! धुळीनं मशीन बसलं की निस्तरायला हसणारे थोडेच येतात?

दवाखान्याचं दुखणं जुनं होतं. सीटी स्कॅनचे फोटो एका मोठ्या स्टोरेजमध्ये साठायचे आणि तिथून डॉक्टरांच्या पडद्यावर यायचे, पण मधली वाट बैलगाडीची. तळेगावकडच्या हायवेवरून डोकं फुटलेला माणूस आणला की त्याचा स्कॅन झटक्यात व्हायचा, आणि डॉक्टर पडद्यावर फिरणारं चक्र बघत बसायचे. महिनोन्‌महिने सगळ्यांचं डोकं खाऊन अश्विननं नवी वेगवान नेटवर्क कार्डं मंजूर करून घेतली.

मग नियोजन. ते त्यानं घरच्या लग्नासारखं केलं. स्टोरेजमधला कार्ड बसवायचा एक स्लॉट दिसायला लांब होता, पण आतून अर्धाच जोडलेला. तिथं कार्ड बसलं असतं, पळालं नसतं. म्हणून त्यानं दुसरा स्लॉट धरला. दोन कार्डं नेटवर्कच्या दोन वेगळ्या स्विच-पेट्यांना जोडायची, म्हणजे एक वाट तुटली तरी दुसरी चालू राहील. ह्या कार्डांत काचेच्या केसाएवढ्या धाग्यातून उजेड धावतो, धुळीचा कणही त्याच्या आड येतो. म्हणून कार्डांच्या तोंडांवर रबरी टोपणं घट्ट बसवून, ती पिशवीत बंद करून त्यानं कपाटाला कुलूप घातलं. दसऱ्यानंतरचा रविवार ठरला, कारण त्या दिवशी ओपीडी बंद.

खुद्द दसऱ्याला तो नसणार होता. त्याची आई धुरपताबाई दर वर्षी त्या दिवशी दीक्षाभूमीवर जायची. पूर्वी ती अश्विनला कडेवर न्यायची. आता तिचे गुडघे गेल्यावर तो तिला हाताला धरून न्यायचा. ह्या एका सुट्टीला दवाखान्याचे प्रशासक अण्णाजी दर वर्षी खुसपट काढत. ह्या वेळी त्यांनी अटच घातली.

“जाय. पण रविवारी काम फत्ते झालं पाह्यजे. नाई झालं, तर पुढच्या वर्षीपासून दसऱ्याची सुट्टी विसरजो. आन्‌ कपाटाची चाबी माह्या खुंटीवर ठेवून जाय. नियम हाय.”

अश्विननं नियम पाळला आणि तिथंच फसला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला, तर सर्व्हरच्या खोलीच्या उंबऱ्यात नारळाची शेंडी पडलेली. नारळ दारातच फोडण्याएवढी अक्कल कोणीतरी दाखवली होती. आत टेबलावर स्टीलच्या ताटात त्याची कार्डं उघडीवाघडी पडली होती, वर झेंडूच्या पाकळ्या आणि अक्षता. रबरी टोपणं कडेला काढून ठेवलेली. उजेडाच्या त्या बारीक भोकांत हळदकुंकवाचा ओला लगदा ठासून भरला होता.

सीटी स्कॅन चालवणारी सरिता दारात घुटमळत होती.

“थूल सर, मी म्हटलं होतं, सरांले येऊ द्या म्हून. पण ट्रस्टी लोकं आलते, फोटो काढाचा होता. टोपणं अण्णाजींनंच काढले. म्हणे, देवाचं तोंड झाकून कोणी पूजा करते काय? हे मशीनचे डोये हायेत म्हणे, आन्‌ भरला अंगठा दाबला.”

“आन्‌ तुमी काय केलं?”

“आरती म्हटली,” सरिता खाली मान घालून म्हणाली.

अश्विनचा राग पूजेवर नव्हता. सिंदीचे शेतकरी ट्रॅक्टरला हार घालतात, पण आधी तो धुऊन पुसून घेतात, आणि डिझेलच्या टाकीत कोणी कुंकू ओतत नाही. हे जे झालं होतं ते फोटोसाठी झालं होतं. तो तसाच अण्णाजींकडे गेला.

“अण्णाजी, त्यातून उजेड जाते. आता कसा जाईन?”

“श्रद्धा ठेव ना, बाबू. तुमच्या लोकाईले श्रद्धाच नाई.”

तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, बसवावी कार्डं तशीच कुंकवासकट, आणि रविवारी सगळ्या ट्रस्टींना काळा पडदा दाखवावा. पण काळा पडदा ट्रस्टींच्या घरी थोडाच जाणार होता? तो कॅज्युअल्टीत पडलेल्या माणसाच्या नशिबी येणार. वर आईची दीक्षाभूमी बुडणार ती वेगळीच.

मग तो साफसफाईला बसला. स्पिरिट, भिंग आणि बारीक कापडी टोकाच्या काड्या. भोकात काडी फिरवायची, लाल झालेली बाजूला टाकायची, नवी घ्यायची. एका फटीत अक्षतेचा दाणा अडकला होता. तो काढताना त्याच्या तोंडून अशी शिवी गेली की दारातली सरिता निघूनच गेली. प्रत्येक लाल काडीबरोबर त्याला तो अंगठा दिसायचा आणि नव्यानं किळस यायची. काड्या त्यानं फेकल्या नाहीत. एका पिशवीत भरून ठेवल्या.

रविवारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. स्टोरेज बंद, कार्डं बसली, स्टोरेज चालू. दोन्ही स्विचवर हिरवे दिवे लागले. सरितानं जुना एक स्कॅन मागवला, तो बोट उचलायच्या आत पडद्यावर. डॉक्टर नुसतेच “अरे!” म्हणाले. अश्विननं कपाटाची चाबी नियमाप्रमाणे खुंटीवर नेऊन अडकवली. पुढच्या वर्षीची सुट्टी पक्की झाली, असं त्या भल्या माणसाला वाटलं.

सोमवारी अण्णाजींनी त्याला बोलावलं. टेबलावर पेढ्यांचा डबा, भिंतीवर पूजेचा नवा फोटो.

“पाह्यलं? पूजा पावली! घे, पेढा घे. आता पुढच्या दसऱ्याले तू इथंच पाह्यजे. पूजेले कार्डाचा मानूस हजर नाई, हे बरं दिसत नाई. सुट्टी-गिट्टी नाई.”

“काम फत्ते झालं तर सुट्टी, असं ठरलं होतं.”

“फत्ते पूजेनं झालं ना!”

अश्विननं पिशवी पेढ्यांशेजारी उलटी केली. लाल काड्यांचा ढीग पडला.

“हे तुमच्या त्या डोयातून काढलं. काढलं नसतं तर काल अंधार होता.”

अण्णाजींनी एक काडी उचलली, भक्तिभावानं कपाळाला लावली आणि गहिवरून म्हणाले, “पाह्य, कुंकू पार आतपर्यंत पोचलं होतं!”

पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? पेढ्याला हात न लावता तो उठला आणि खुंटीवरची चाबी काढून घेतली.

“हे काऊन नेऊन राह्यला?”

“पुढच्या दसऱ्याले माय आन्‌ मी दीक्षाभूमीवर राहू,” अश्विन म्हणाला. “आन्‌ चाबी माह्या खिशात राहीन.”