उबेला ठेवलेली बाटली

मनुबाई सांगलीतल्या एका महाविद्यालयाची प्रयोगशाळा झाडतात. तिथल्या फ्रिजमध्ये संयोगिता मॅडमनी ध्रुवाजवळच्या समुद्रतळाचा गाळ दोन बाटल्यांत ठेवला होता. त्यातल्या जीवाणूंवर त्यांचं तीन वर्षांचं काम उभं होतं. महिना उलटला तरी काही वाढलेलं दिसेना, तेव्हा मनुबाईंनी एक बाटली विरजणासारखी फडक्यात गुंडाळून उन्हात ठेवली.

“आवं मॅडम, गारठ्यात दही तरी लागतंय का?”

“मावशी, यांना थंडीच मानवते. सावकाश खातात, सावकाश वाढतात. उबेनं मेले ते. आता एकच बाटली उरली.”

मे महिन्यात दुपारभर वीज गेली, तेव्हा मनुबाई फ्रिजच्या दाराला पाठ लावून बसल्या. गार पाण्यासाठी आलेल्या प्राध्यापकांनाही म्हणाल्या, “सर, तहान सोसा जरा. आत जीव हायत.”