आईच्या झोपेचं मी दिलेलं उत्तर

हे मी चळवळीतल्या एकाही माणसाला सांगितलेलं नाही. आईला सांगायची गरजच नाही — ती तेव्हा शेजारीच बसली होती.

"मनाच्या आजाराची लाज कसली?" हे पत्रक माझंच. नांदेडपासून मुखेडच्या एसटी स्टँडपर्यंत मी ते वाटलंय, त्यावर भाषणं ठोकलीत. आणि ऐन वेळी लाज कुणाला वाटली?

आई लातूरकडची. भूकंपात शेजारी झोपलेली तिची धाकटी बहीण सुमी भिंतीखाली गेली. तेव्हापासून आई स्लॅबखाली झोपत नाही. थंडी असो, पाऊस असो — अंगणात, पत्र्याखाली. रस्त्यानं ट्रक गेला तरी उठून बसते.

दवाखान्यात तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं. तिथल्या डॉक्टर मॅडम एक अभ्यास करत होत्या — जुनी दहशत मनात असलेल्या बायकांना भूल उतरताना, जखम भरताना जास्त त्रास होतो का? प्रत्येकीची परवानगी घेऊन त्या ऑपरेशनआधी विचारत. आईला म्हणाल्या, "मावशी, झोप लागती का? कशाची धास्ती?"

आईनं तोंड उघडलं. मी आधी बोलले — "काही न्हाई. ठणठणीत हाय. येडी न्हाई आमची आई."



भूल उतरली तशी ती किंचाळत उठली — "सुमे, ऊठ, भिंत आली!" टाके तुटले. परत आत न्यावं लागलं.

आणि मी काय केलं? नवं पत्रक काढलं. "हलगर्जीपणाचा जाब द्या!" — मॅडमच्या नावासकट.

ते वाटून झालं तेव्हा मॅडम काय करत होत्या, सांगू? आईची खाट त्यांनी व्हरांड्यात हलवली होती. ड्युटी संपली की तिच्याजवळ बसायच्या. "मावशी, वर पत्राच हाय, बघा." आईनं माझ्यादेखत सगळं सांगितलं. वर म्हणाली, "माझी झोप हिनं सांगितली, बाई. हिला लई कळतं."

पत्रकावरून लागलेल्या चौकशीत मॅडमना एका वाक्यात मला उघडं पाडता आलं असतं. मॅडम एवढंच बोलल्या — "विचारायला मी कमी पडले." एवढी छाती मी आमच्या कुठल्याच मंचावर पाहिलेली नाही.

पत्रक मी आजवर मागं घेतलेलं नाही.

परवा मामीला घेऊन तिथंच गेले. मॅडमनी ओळखलं, आईची तब्येत विचारली. मग मामीला खुर्ची दिली आणि मला म्हणाल्या, "ताई, आता आम्ही नातेवाइकांना बाहेर बसवून विचारतो."

मी उठले. दार मीच ओढून घेतलं.